सहा मिनिटं

पापडीच्या थांब्यावर सकाळचं ऊन आधी चर्चच्या मनोऱ्यावर, मग केळीच्या पानांवर, मग आमच्या बाकाच्या गंजलेल्या कडेवर, असं सावकाश उतरत होतं. वालीवची बस यायची होती. शेजारी एक संशोधक मुलगी आणि तिच्या प्रयोगांची भट्टी सांभाळणारे गृहस्थ बोलत होते.

“विद्याधरकाका, जुळलं! कोळसा लोखंडाच्या खनिजातला प्राणवायू किती वेगानं ओढून घेतो, ते माझं गणित आता तुमच्या भट्टीशी तंतोतंत जुळतंय.”

“रेवा, सहा महिने तर चुकत होतं. सर विषय सोड म्हणत होते ना?”

“परवापर्यंत! काल मी तुमच्या सगळ्या नोंदी सहा मिनिटं पुढे सरकवल्या. बाराही प्रयोग रेषेवर बसले!”

“माझ्या नोंदींत खोट काढतेस? एकवीस वर्षं भट्टीवर आहे मी.”

“खोट नाही हो. खनिज-कोळशाची गोळी आत टाकली की लगेच घड्याळ लावता ना?”

“लगेच.”

“मग पहिल्याच मिनिटाला तिचं वजन एवढं कसं घटलेलं असतं?”

“काटा जुना आहे.”

“बाराही वेळा मोजून सहा मिनिटांनी जुना?”

“तू वकील व्हायला हवी होतीस.”

“आज दुपारी सरांना दाखवायचंय, काका. ते कारण विचारतील. सांगा ना.”

“बस आली बघ.”

“ती नालासोपाऱ्याची आहे.”

“गोळी लाल झाल्याशिवाय काम सुरू झालं असं मी धरत नाही, पोरी. घड्याळ मी तेव्हा लावत होतो.”