हिरडाटोल्याची बोडी

मंडळी, ऐका! टाळ खाली ठेवा. मागची मंडळी, जरा पुढं सरका — जागा आहे, इथं कुणी चावत नाही!

आज एकच गोष्ट विचारतो. चांगलं काम जगाला सांगितलं, म्हणजे ते आपण केलं असं होतं का हो?

लगेच माना हलवल्यात! 'नाही' म्हणायला काय जातं? सोविंदा लंज्याला विचारलं असतं, तर तोही 'नाही'च म्हणाला असता. म्हणून त्याची गोष्ट सांगतो.

सोविंदा हा भंडाऱ्याकडचा. हिरडाटोल्याचा सरपंच. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाची गोष्ट ऐकायला सोपी असते, आपण आरामात बसतो. ही तशी नाही!

हिरडाटोला म्हणजे तलावाचं गाव. जुन्या लोकांनी पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून तलाव बांधला, त्याच्या पाण्यावर सगळ्या गावाचा धान. आणि तलावाच्या वरच्या अंगाला एक बोडी. बोडी म्हणजे लहानसं तळं. डोंगरावरून पाणी धावत येई, ते आधी बोडीत शिरे. गाळ तिथं टाके, दम खाई, आणि मग सावकाश खाली तलावात उतरे. बोडीच्या काठानं अर्जुनाची जुनी झाडं. मुळांनी माती कशी धरलेली — आईनं लेकराला धरावं तशी!

तर एके वर्षी काय झालं, आपल्याकडच्या एका संस्थेनं आणि तिकडच्या एका संस्थेनं ठरवलं, की गावानं गावाला शिकवावं. तलावाच्या गावानं तलावाच्या गावाला. आणि पाहुणे आले — कुठून? लंकेहून!

हसलात ना? हिरडाटोलाही हसला. म्हातारीकोतारी माणसं बसथांब्यावर बघायला गेली. प्रत्येकाला एकेकच तोंड! थोडी निराशाच झाली म्हणा.

पाहुण्यांची पुढारी होती त्यांच्या शेतकरी समितीची अध्यक्ष, पोडीमेनिके. आपण मेनिकेबाई म्हणू. साठीची, सडसडीत, बोलायला कमी. बोलणं समजावून सांगायला जवळच्या विहारातले भंतेजी — मूळचे तिकडचे, पण इकडं राहून मराठी शिकलेले.

पहिला दिवस गेला हारतुऱ्यांत. दुसऱ्या दिवशी पुस्तकलाबाई वलथरे त्यांना तलावावर घेऊन गेली. ही ढिवर समाजाची, तलावातल्या मासोळीवर घर चालवणारी. गावच्या ढिवर बायांनी तलावातलं बेशरम नावाच्या झुडपाचं रान उपटून जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या होत्या, म्हणून मरळ, शिंगूर हे मासे परत आले होते. ते दाखवायला पुस्तकला लुगडं खोचून चिखलात उतरली. आणि मागोमाग मेनिकेबाई! ही रोप दाखवते, ती हुंगून बघते. ही हातानं मासा काढते, ती मान डोलावते. काठावर भंतेजी उभे, आणि त्यांना विचारायलाच कुणी नाही!

मग मेनिकेबाई बोडीपाशी आली, आणि थांबली. मग भंतेजींमार्फत म्हणाली, "आमच्या तलावावरही अशी बोडी होती. आमच्या वडिलांनी बुजवून शेत केलं. आता तलाव गाळानं भरलाय. ती शेतं माझ्या दोन भावांकडे आहेत. मी मागतेय, ते देत नाहीत. तुमची ही बोडी राखाल ना?"

सोविंदानं छातीवर हात ठेवला. "बाई, फिकर करू नोका. मी हावो तवर या बोडीले कोनी हात नाही लावत!"

खरं बोलला हो! त्या क्षणी अगदी मनापासून बोलला.

पाहुणे गेले, आणि सोविंदाचं नाव झालं. आज या तालुक्यात भाषण, उद्या त्या तालुक्यात. 'बोडी राखा, झाडं राखा!' लोक टाळ्या वाजवत. एकदा व्यासपीठावर एक मोठे साहेब बसले होते, ते म्हणाले, "लंजेसाहेब, परदेशी पाहुणे येतात तुमच्याकडे. त्यांना बसायला एखादं भवन नको?" भवन मंजूर झालं. नाव काय — मैत्री भवन! सरकारी जागा पाहिजे, रस्त्याला लागून पाहिजे. अशी जागा गावात एकच.

कळलं ना?

ग्रामसभेत पुस्तकला उभी राहिली. "सरपंच, तुमी त्या बाईले शब्द देला होता जी."

"देला होता ना! पन त्या बाईच्याच मानासाठी भवन बांधून राहिलो. आन बोडी तं उन्हाळाभर कोरडीच रायते."

"पावसाळ्यात नाही रायत," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. सभेत सगळा हिरडाटोला होता, मंडळी, एकटा सोविंदा नव्हता!

झाडं पडली. बोडी मुरमानं भरली. वर भवन उभं राहिलं, गुलाबी रंगाचं.

आणि रंग वाळतो न वाळतो तोच लंकेहून बोलावणं आलं. सोविंदा विमानात बसला, सोबत भंतेजी. तिकडं काय बघितलं त्यानं? त्यांच्या तलावात बेशरम नाही. पाणवनस्पती लावलेल्या, बाया कंबरभर पाण्यात, टोपलीत मासोळी. पुस्तकलानं दाखवलं, ते तिथं उगवलं होतं! आणि तलावाच्या वर मेनिकेबाईच्या धाकट्या भावाच्या शेतात अर्धी बोडी खोदून झालेली, थोरल्याचं शेत अजून तसंच.

संध्याकाळी गावसभा. सोविंदाचं भाषण झालं, नेहमीचं. पुढं बसलेला एक पांढऱ्या मिशांचा माणूस उठला. त्यानं एकच विचारलं, "तुमची बोडी अजून आहे का?"

मंडळी, काय सांगावं! हजार माणसांपुढं बोलणारा तो माणूस, गळ्यातला हार नीट करायला लागला. भंतेजी थांबले होते. सभा थांबली होती. सोविंदा म्हणाला, "हाय जी. भरून हाय."

भंतेजींनी ऐकलं ते सांगितलं; मधल्या काळात ते गावात आले नव्हते, बोडी बुजल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांचा काय दोष? टाळ्या झाल्या. तो मिशीवाला पुढं आला आणि सोविंदाचे दोन्ही हात हातात घेतले.

रात्री मेनिकेबाईनं स्वतः वाढलं — भात, नारळाच्या रसातली भाजी. घास हातात धरून सोविंदा दोनदा भंतेजींकडे वळला. दोन्हीदा म्हणाला, "भाजी चांगली झाली म्हना."

पुढच्या श्रावणात डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. पाणी आलं. दम खायला जागाच नाही! भवनाला वळसा घालून थेट तलावावर आदळलं, आणि भर दुपारी लोकांच्या डोळ्यांदेखत पाळ फुटली. माणसं वाचली, देवाची कृपा. पण धानाच्या बांध्यांवर, म्हणजे शेतांवर, रेतीच रेती. पुस्तकलाची मासोळी चिखलात तडफडत होती. ती ओंजळीत उचलायची, पण सोडायची कुठं?

भवनाला काही झालं नाही. भवन पक्कं होतं!

पाळ फुटल्याची बातमी भंतेजींकडून तिकडं गेली, आणि मेनिकेबाई आली. मदतीला माणसं घेऊन आली! उतरल्याबरोबर तिनं विचारलं, "बोडी असताना पाळ फुटली कशी?"

सोविंदा तिला वर घेऊन गेला. भवनापुढं उभा राहिला. हातानं नुसतं जमिनीकडं दाखवलं.

बाई पायरीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं सोविंदा पुढं आयुष्यभर म्हणायचा. ती हळू आवाजात म्हणाली, "सभेत प्रश्न विचारला, तो माझा थोरला भाऊ. कितीदा विनवलं, तो ऐकत नव्हता. तुमचं उत्तर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं शेत दिलं. आता मी त्याला काय सांगू?"

भंतेजींना हे मराठीत सांगताना दोनदा थांबावं लागलं.

सोविंदानं सरपंचपद सोडलं. तलावाच्या वर त्याचा स्वतःचा एक बांधीचा तुकडा होता, तो खोदायला घेतला. पहिलं घमेलं मेनिकेबाईनं उचललं, दुसरं पुस्तकलानं. बोडी झाली, लहान का होईना. अर्जुनाची रोपं लावली. पण रोपांनी माती धरायला माणसाचं आयुष्य जातं हो! पाळ बांधून झाली, पण बांध्यांतली रेती अजून पुरती निघालेली नाही.

आणि तिकडं? मेनिकेबाईनं परत जाऊन भावाला खरं सांगितलं. ती खोटं बोलणारी नव्हती. थोरला ऐकून घेत होता, शेवटी एवढंच म्हणाला, "मग मीच कशाला?" त्यानं आपल्या वाटणीच्या बोडीत पुन्हा नांगर घातला. तिथं आज अर्धीच बोडी आहे. समुद्रापलीकडच्या गावातली अर्धी बोडी इकडच्या एका शब्दानं बुजली!

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. गावात शिरताना मी कमान बघितली, 'आदर्श गाव' लिहिलेली. जेवताना तुमचे पाच जण मला सांगत होते, आम्ही राखलेला ओढा बघायला बाहेरच्या राज्यातून लोक येतात. आनंद वाटला! मी एवढंच विचारलं, "तो ओढा कुठाय हो?" तर पाचही जण एकमेकांकडं बघायला लागले.

मी उत्तर मागत नाही. पण मला निरोप द्यायला कमानीपर्यंत येऊ नका. त्यापेक्षा सकाळी सगळे मिळून ओढ्यावर जा. आहे तसा डोळ्यांनी बघा. आणि पुढचा पाहुणा विचारेल, तेव्हा जे बघितलंत तेच सांगा.

चला, टाळ उचला. देवाचं नाव घ्या, पण आज जरा हळू घ्या.