माझा हुडवा आन दारचा लिंब

माझा जन्म करमाडचा, घरी मेंढरं. चौथी झाली तवा बाप म्हणला, वाचता येतं ना, बास, आता मेंढरामागं जा. लगीन होऊन गारखेड्यात आले तवा इथं नुसती शेतं, बंगले-बिंगले काय नव्हतं. मग चिकलठाण्याकडं कंपन्या निघाल्या, मालक वाचमन लागले, मेंढरं गेली, एक म्हैस राहिली. म्हैस आली म्हंजे शेण आलं, शेण आलं म्हंजे गोवऱ्या आल्या, माझे हात काय रिकामे राहतात व्हय.

काय सांगू तुम्हाला, नामांतराच्या दिवसांत शहर बंद पडलं आन नेमके तवाच आमचे मामंजी गेले. लई म्हातारे, जेवून झोपले ते उठलेच नाय, रडावं असं काही नव्हतं. पण लाकडाची वखार बंद. माझे दीर कुऱ्हाड घेऊन निघाले दारच्या लिंबाकडं. मी आडवी आले. म्हणलं, भावजी, मामंजींनी हा लावला, हयातभर ह्याच्या सावलीत खाट टाकली, आन ह्यालाच तोडून त्यांना जाळता? दीर म्हणले, मग बापाला नुसत्या गोवऱ्यावर ठेवू, वर एक लाकूड नको, लोक तोंडात शेण घालतील. म्हणलं, घालू द्या, आपल्याकडं लई हाय.

परसात माझा हुडवा व्हता, गोवऱ्या रचून वरून लिंपलेला, पावसाळ्यातल्या चुलीसाठी राखलेला. फोडला. तरी कमी पडतील वाटलं, तर शेजारची रशीदाखाला पाटी भरून आपल्या गोवऱ्या घेऊन आली, म्हणली, अगे, बुड्ढे ने मेरे बच्चों को कंधे पे खिलाया, ले. दीर मसणातून परत आले, खाली बघून म्हणले, वहिनी, काही कमी पडलं नाय. लिंब तिथंच राहिला.

तवाच ठरवलं, मला बी असंच न्यायचं. माझा हुडवा मीच रचते. पण झालंय काय, हुडवा पुरा झाला की कुणीतरी जातं आन लोक माझ्या दारात, मावशी, गोवऱ्या. नाय कसं म्हणावं? पहिला नेला दिरांनीच, सांगून गेले व्हते, वहिनीच्याच पाहिजेत. मग समोरचे गुरुजी, मग दूधवाला. मी आपली इथंच. रशीदाखाला भिंतीवरून विचारती, क्यों गे, तेरा हुडवा भर गया क्या, अब किस का नंबर? आन दोघी हसतो.

पोरगा लई दिवस ऐकेना. म्हणायचा, आई, लोक म्हणतील आईला लाकडं जुळली नाय. म्हणलं, मंग तोड लिंब, आन उन्हाळ्यात बस पत्र्याखाली. नात मोबाईल बघून म्हणली, आज्जी, हे पर्यावरणाला चांगलं हाय. म्हणलं, असंल, मला माझा लिंब राखायचाय.

आता म्हैस नाय. पोरगा बिडकीनला कंपनीत जातो, येताना गाडीवर शेणाचं पोतं आणतो. नाक मुरडतो, पण आणतो. त्यातच सगळं आलं.

हुडवा कमरेला आलाय. अजून हातभर वर गेला की लिंपायचा, की मी मोकळी. पण काल दूधवाल्याच्या म्हातारीचा खोकला ऐकला, चांगला नाय वाटला. म्हणलं, थांब गं बाई, एवढा तरी माझा मला राहू दे. तुम्ही सुखानं जगा. जाताना लिंबाखालून जा, सावली हाय.