बेलफास्टचा पाऊस

लॉकडाऊनमध्ये आमची इरा बेलफास्टला जाऊन आली, तेही ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पॉइंट कुकच्या घरातून, हे सांगितलंय का तुम्हाला?

तिच्या युनिव्हर्सिटीची आयर्लंडची ट्रिप रद्द झाली. मग तिथला गाईड फोन घेऊन रस्त्याने चालायचा आणि पोरं आपापल्या घरी बघायची. इरा तर सोफ्यावर कोट घालून बसलेली. माझा आणि मृदुलाचा तेव्हा कडक अबोला. निरोप सगळे इरामार्फत.

टीव्हीवर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधली उंच भिंत दिसत होती. गाईड म्हणाला, "भांडणाच्या वर्षांत दोन्हीकडची माणसं बोलायची नाहीत. मधला माणूस निरोप न्यायचा."

मी म्हटलं, "इरा, आईला विचार, चहा टाकू का?"

"आस्क हर युवरसेल्फ, बाबा. आय ॲम इन बेलफास्ट."

तेवढ्यात तिथे पाऊस सुरू झाला. हॉलभर नुसता तो आवाज, आणि आम्ही तिघंही जणू त्या ओल्या भिंतीपाशी उभे.

टीव्हीवरची नजर न काढता मृदुला मला म्हणाली, "अरे, पाऊस आला. कपडे काढ ना दोरीवरचे."

मी मागे गेलो. संध्याकाळचं आकाश लख्ख, कपडे कडकडीत वाळलेले. सगळे काढून आत आणले आणि म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. भिजलेच असते."