उजव्या कोपऱ्यातला ठिपका

मामाला एकदा मी नाशिकच्या फिल्म फेस्टिव्हलला नेलं होतं, ते तुम्हाला सांगितलंच नाही बहुतेक. मामा म्हणजे येवल्याच्या थिएटरातला जुना प्रोजेक्टर ऑपरेटर. थिएटर पाडलं, मशीनं भंगारात गेली, तेव्हापासून तो सिनेमाचं नाव काढत नव्हता. त्या दिवशीही नाशिकात शिरताना द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा म्हणाला, "माघारी चल. मला त्या फॉरेनवाल्यांची भाषा कळायची नाय."

सिनेमा हंगेरीचा होता, जुना, ब्लॅक अँड व्हाइट. सगळे मुकाट्याने खालची सबटायटल्स वाचत होते. मध्येच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका चमकून गेला आणि मामा ताडकन उठला. त्याचा पुढे गेलेला हात थेट समोरच्या गृहस्थांच्या खांद्यावर पडला.

"काय झालं काका?" ते दचकले.

"रीळ संपतंय. दुसरं मशीन चालू करायचंय."

मी त्याला ओढून खाली बसवलं. ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनवरचं पुढचं रीळ सुरू करायचं, हे त्याने आयुष्यभर केलेलं काम. नंतरच्या ठिपक्यांना तो उठला नाही, पण प्रत्येक वेळी मांडीवरची बोटं हलत होती.

बाहेर पडताना फेस्टिव्हलच्या एका मुलीने विचारलं, "काका, कसा वाटला सिनेमा?"

"त्यांच्याकडं पण ठिपकाच हाय की," मामा खुशीत म्हणाला.

जिना उतरताना मात्र तो मध्येच थांबला. "त्यांचा ऑपरेटर आता काय करत असंल रे?"