तलाठ्याला दुसरं स्थळ

अहो, असू द्या चप्पल बाहेर, आमच्या मजल्यावरून कुणी काही नेत नाही — या, आत या, तुम्ही प्राण्यांच्या शेल्टरमधनं आलात ना, घर बघायला? विचारते कशाला मी, पँटवरच्या केसांवरूनच कळलं. बसा. सोफ्यावरच बसा — फक्त मागे टेकू नका, कव्हर सरकतं, माझं नाहीये ते. म्हणजे माझंच आहे. बसा हो. नाव काय म्हणालात? अद्वय? छान, वेगळं आहे. आणि ठाण्याहून आलात? एवढ्या लांबनं आंबिवलीला, बाईकवर, एका कुत्र्यासाठी! आजकाल मुलीसाठीसुद्धा कुणी एवढं येत नाही, मोबाईलवर फोटो टाका म्हणतात. आणि हे बघ, मला काही ते अहोजाहो जमत नाही, आमच्या मुलापेक्षा, प्रीतमपेक्षा लहान दिसतोस तू, तूच म्हणते. हां, तो कागद नंतर काढ. आधी पोहे आणि चहा.

नको काय, नको नाही म्हणायचं. बघायला आलेल्या पाहुण्यानं पोहे नाही खाल्ले तर त्याचा अर्थ काय होतो माहितीये? नकार होतो. मी काय आज नाही बघत — आमच्या विहारात वधू-वरांची वही माझ्याकडे असते, सतरा लग्नं जमवलीत मी, त्यातली पंधरा टिकली, दोन त्यांच्या कर्मानं मोडली. लोकांकडे जाऊन घर बघायचं काम माझं! पोरीकडचे शेजारच्यांचा फ्रीज आणून ठेवतात, मला लगेच कळतं — प्लगच नसतो लावलेला. आणि आज माझ्यावर वेळ आली बघ. प्रियांका आहे ना तुमची, दुपारी गेटवर असते ती, ती म्हणाली, मावशी, शनिवारी नाहीतर रविवारी कुणीतरी घर बघायला येईल. झालं! परवापासून साफसफाई चाललीय. पडदे धुतले, पंखे पुसले, आणि शेजारच्या कार्मेलकडून... सांगूनच टाकते, लपवून काय करायचंय, तू काय पोलीस आहेस — सोफ्याचं कव्हर कार्मेलचं, ती कुंडी कार्मेलची, भिंतीवरचं ते कुत्र्याच्या पिल्लांचं कॅलेंडर पण तिचंच, चर्चमधून मिळालेलं नाही, मेडिकलवाल्यानं दिलेलं. आणि गॅलरीला जाळी पाहिजे म्हणालेले ना तुम्ही लोक, तिसरा मजला म्हणून? आत्ताच लावली. बघ जाऊन. अं... वास येतोय ना थोडा? बोंबलाचा. कार्मेलचा भाऊ लिनो उत्तनला असतो, त्याच्या होडीवरचं जुनं जाळं आहे ते. पण मजबूत! सुरमई नाही सुटत त्यातून, कुत्रा काय सुटतोय!

आता तू विचारशील, मावशी, तुम्हाला कुत्र्यांचा अनुभव किती? शून्य. उगीच कशाला खोटं बोलू. तीन महिन्यांपूर्वी मी तुमच्या शेल्टरमध्ये गेलेले ती जुन्या चादरी द्यायला. कुणीतरी विहारात सांगितलं, जुन्या चादरी, गोधड्या, पेपर, काही असेल तर द्या, जनावरांच्या खाली घालायला लागतात. म्हटलं चला, कपाट तरी मोकळं होईल. चादरी देऊन लगेच परत यायचं होतं, खालती रिक्षावाल्याला थांबवून ठेवलेलं. तर आत तो बसलेला. काळा, पाठीवर तपकिरी डाग, एक कान उभा, एक दुमडलेला, तोंडावर असं की बाई, तुमचं काम आज होणार नाही. म्हटलं नाव काय ह्याचं? तर म्हणे तलाठी. म्हटलं तलाठी का? तर म्हणे, जागेवर कधीच सापडत नाही! हसून हसून पुरेवाट झाली रे माझी. रिक्षावाला हॉर्न मारून मारून निघून गेला. तेव्हापासून दर गुरुवारी जाते. भांडी घासते, भात कालवते, आणि त्याच्याशी बोलते. बोलते म्हणजे, ही एवढी मोठी टकळी लावते — आमच्या ह्यांचं, प्रीतमचं, मेल्या त्या दोन मोडलेल्या लग्नांचं — आणि तो ऐकतो. अरे खरंच ऐकतो! मान वाकडी करून. मधेच उठून जात नाही, मोबाईल काढत नाही. तू काढ, तुझं चालेल, तू कामावर आहेस.

पण मला हे सांग — नाही, कागद राहू दे, आधी हे सांग — ते दुसरं स्थळ कोण आहे? प्रियांका म्हणाली, मावशी, तलाठीसाठी तुमच्या आधी दोन दिवस एक फॉर्म आलाय, दोन्ही घरं बघतील, पण ते घर नाही जमलं तरच तुमचा नंबर. म्हणजे बघ हां, आठ वर्षांचा कुत्रा, पाच वर्षं तिथे पडून आहे, कुणी ढुंकून बघितलं नाही, सगळे येतात ते पिल्लं घेऊन जातात, आणि मी फॉर्म भरायला जाते तर पुढे एक उभाच! कोलशेतच्या टॉवरमधले असणार, ज्यांच्या लिफ्टमध्ये पण आरसा असतो. खोदून खोदून विचारलं तर ती म्हणाली, मी नाही बघितलं, सकाळच्या पाळीवाल्यांनी सांगितलं, कुणी काका आहेत, रोज येतात, शब्द बोलत नाहीत, तलाठीजवळ बसून राहतात आणि जातात. मला काय राग आलाय! असा घुमा माणूस? अरे, त्या कुत्र्याला बोलण्याची सवय आहे, माझ्या बोलण्याची! हा तोंडात मूग गिळून बसणार, आणि ते बिचारं त्याच्या तोंडाकडे बघत बसणार. वाळून जाईल ते. तू लिही तुझ्या कागदावर, ते स्थळ चांगलं नाही. माझा सतरा लग्नांचा अनुभव आहे, घुम्या माणसाकडे पोरगी देऊ नये. मी स्वतः दिली गेलेय ना, मला नको सांगू.

हां. आता आमचे हे. ते कुठे आहेत म्हणशील तर बाहेर गेलेत, केस कापायला. मी पण त्यांना सांगितलंय की मी अकरा वाजता महिला मंडळात चाललेय — ते बाहेर पडले आणि मी परत आले, जिन्यात थांबलेले मी, कार्मेलच्या दारामागे. हसू नको. त्यांना कुत्रं अजिबात चालत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलेलं, घरात जनावर आलं की मी बाहेर. कोलशेतला केमिकल कंपनीत होते, आठ महिने झाले रिटायर होऊन. मला वाटलेलं रिटायर झाले की गप्पा मारू, फिरायला जाऊ. कसलं काय! आठ महिन्यांत हा माणूस माझ्याशी भाजी काय आणू आणि बिल भरलं का, ह्याच्या पलीकडे बोललेला नाही. मी बोलते, बोलते, बोलते — ते हं करतात. कधी कधी तर भलतीकडेच हं करतात. परवा म्हटलं, अहो, गॅस संपला. म्हणे, हो, छान झालीय! मी ताटच उचललं पुढनं. फोन उचलत नाहीत माझा, मेसेज कर म्हणतात, घरातल्या घरात! मी आतल्या खोलीतनं हाक मारली तर बसून राहतात खुर्चीत, जसं काही मी भिंत आहे. कंटाळले मला, दुसरं काय. एकतीस वर्षं ऐकलं, पुरे झालं असेल. वाईट वाटतं रे. मी विचारते, मीच उत्तर देते, आणि चहा दोन कप करते.

आणि वर फिरायला जातात सकाळी तीन तीन तास, शुगर आहे म्हणून. शुगर आहे आणि घरातली ग्लुकोजची बिस्किटं गायब! मी डबा लपवला, पिठाच्या मागे ठेवला, तिथून पण गायब! बरं, भांडू कुठल्या तोंडानं? माझंच पाप माझ्या उरावर. त्यांच्या पँटीला कुत्र्याचे केस लागायला लागले. म्हटलं मेले, माझ्या साडीवरनं लागतात, एकाच दोरीवर वाळत घालते ना. मग रोज ते आंघोळीला गेले की ब्रशनं त्यांची पँट झाडते. एवढी चोरी मी आयुष्यात कधी केली नाही.

आता शेवटचं सांगते आणि मग तुला मोकळा करते. त्या फॉर्मवर खाली आहे ना, घरातल्या माणसांची संमती, सही? ती त्यांची नाहीये. मीच केली. अरे, डोळे नको मोठे करू! काय करणार, तुम्ही सहीशिवाय फॉर्म घेत नाही, आणि विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. माझा विचार काय होता, तू पास करशील, तलाठी येईल, दाराशी बसेल असा मान वाकडी करून, मग कोण त्याला बाहेर काढतंय? फार तर हे जातील बाहेर. जाऊ देत. जाऊन जाऊन जिन्यापर्यंत जातील, जेवायची वेळ झाली की येतील. पण तू मला नापास करू नको रे बाबा, हात जोडते, पाया पडते. पाहिजे तर कव्हर परत देते आत्ताच. मला तो कुत्रा पाहिजे. घरात कुणीतरी माझ्याकडे तोंड करून बसलेलं पाहिजे. बस, एवढंच आहे.

हां, काढ आता कागद. मघापासून चाललंय तुझं. वाचू? चष्मा... हा माझा फॉर्म नाही रे. माझं अक्षर एवढं नीट कुठलं. कोणाचा आणलास? आधीच्याचा? त्या काकांचा? मग माझ्या घरी कशाला आलास? पत्ता... पत्ता तर आमचाच आहे. बी विंग, तिसरा मजला. अर्जदाराचं नाव — रवींद्र बाबुराव ओव्हाळ.

अय्या, हे तर आमचे हे!

म्हणजे ते काका... रोज सकाळी... आणि मी त्यांची पँट झाडत होते! थांब, थांब, खाली बघू दे. संमती, पत्नी — ही माझी सही? ही माझी सही म्हणायची? बँकेनं हाकलून दिलं असतं! आणि खाली तारीख टाकलीय, वेळ टाकलीय, जसा काही गेटपास! कंपनीचा माणूस. माझी खोटी सही करतात, एवढी हिंमत? येऊ दे घरी, बघतेच. आणि मला म्हणे कुत्रं आलं तर मी बाहेर! आणि हे काय लिहिलंय, कारण... कुत्रा का हवा आहे, कारण...

“पत्नी दिवसभर बोलते. कंपनीत कॉम्प्रेसरजवळ बत्तीस वर्षे काम केल्यामुळे मला आता फारसे ऐकू येत नाही. हे तिला सांगितलेले नाही. तिला कळले तर ती बोलायची थांबेल. तसे होऊ नये. घरात तिचे ऐकणारे कोणीतरी हवे. सदर कुत्र्याचे दोन्ही कान मी मागून टाळी वाजवून तपासले आहेत. उत्तम आहेत.”

...

चहा गार झाला बघ तुझा.

नाही, काही नाही. कांद्यानं. पोह्यात कांदा जास्त झाला. सदर कुत्र्याचे म्हणे... सदर! टाळी वाजवून! बावळट माणूस. सांगायचं ना. एक शब्द सांगायचा ना मला, की नीला, ऐकू येत नाही. मी काय पळून गेले असते? आठ महिने मी समजतेय, विटले मला, आणि हा माणूस तिथे पिंजऱ्यापाशी बसून माझ्यासाठी कान शोधतोय.

तुझा फोन वाजला. त्यांचाच मेसेज ना? दाखव. “मी स्टेशनवर तिकीट खिडकीजवळ उभा आहे. निळा शर्ट. आपण कुठे?” केस कापायला गेलेत म्हणे! तुला स्टेशनवर गाठून घेऊन येणार होते, मी मंडळात असताना, आणि तू आलास नकाशा बघून थेट माझ्या दारात. लिही त्यांना — शीळफाट्याला अडकलोय. लिही. शीळफाटा म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही, अर्धा तास सहज मिळतो. आणि तू इथे आलाच नव्हतास, कळलं? उठ. बाईक काढ, मागच्या गल्लीतनं जा, स्टेशनवरनं त्यांना घे, आणि वर घेऊन ये. मी चालले मंडळात, खरंच चालले. त्यांना घर दाखवू दे तुला. गॅलरीत जाळं कसलं म्हणून ते दचकतील, तर तू म्हण, वा, छान जाळी लावलीत काका. पोहे झाकून ठेवते, ते गरम करून देतील, परत खायचे, दुसऱ्यांदा खाल्ले म्हणून सांगायचं नाही. माझा फॉर्म फाडून टाक. नको, दे इकडे, मीच फाडते — अरे हो, तुझ्याकडे कुठे आहे तो. प्रियांकाला सांग फाडायला. त्यांचाच राहू दे. ते मला कसं सांगतात ते बघायचंय मला, एकतीस वर्षांत ह्या माणसानं मला एकदाही चकित केलेलं नाही, तेवढं तरी करू दे. मी पहिल्यांदा नाही म्हणणार, थोडं रागवणार पण. रागवायला लागतंच.

जा ना आता, बघत काय बसलास! निळा शर्ट, तिकीट खिडकी. आणि अद्वय, ऐक — पाठीमागनं हाक नको मारू त्यांना. समोर जाऊन उभा राहा, आणि जरा मोठ्यानं बोल. जा.