माझ्यापुरती गिटार

तुम्हाला सांगितलं न्हाय, पण मी गिटार घेतली. बायको गेल्यापासून संध्याकाळी घरात फक्त फ्रिजचा आवाज असतो. कॉलेजात असताना थोडीफार वाजवायचो, म्हणून मंगळवार पेठेतल्या एका दुकानात गेलतो.

दुकानदारानं आधी मोठी गिटार मांडीवर दिली. तिच्यावरनं हात पलीकडं टाकला की माझा खांदा वर उचलला जायचा आणि दुखायचा. मग त्यानं लहान दिली. ती पोटाशी नीट बसली, बोटंही तारांवर सहज पोचली.

"हीच द्या," मी म्हणालो.

"पावणं, खांद्याला सवय हुईल की. मोठीचा आवाज भरदार हाय. तुम्ही बाहेरच्या खोलीत वाजवा, आत स्वयंपाकघरात वहिनींना ऐकू जाईल. हिचा आवाज आपला तुमच्यापुरताच."

"स्वयंपाकघरात आता कोण न्हाय," मी म्हणालो. "माझ्यापुरताच पुरे."

मोठी गिटार त्यानं परत भिंतीला टांगली, लहानीच्या तारा जुळवून माझ्या हातात दिली आणि स्टूल ओढून समोर बसला.

"वाजवा. मी ऐकतोय."

मला तीनच कॉर्ड आठवत होत्या. त्याच मी फिरवून फिरवून वाजवल्या, तेही चुकत. माझ्यासमोर असं कुणी बसून किती महिने झालते, कुणास ठाऊक. मधेच दारात गिऱ्हाईक आलं. दुकानदारानं मान न वळवता त्याला हातानंच थांबायला सांगितलं.