दोन वेळा लावणे

मंडळी, मोजा! गाभाऱ्यात समया दोन, वाती दहा, खोबरेलाची बरणी एक, आणि गुरव एक — धाकोजी. त्याचं डोकं? ते बाहेर, चपलांपाशी! हसू नका. माझा प्रश्नच तो आहे — देवाकडे जाताना अक्कल काढून ठेवायची का?

ऐका तर! धाकोजीची बायको वेणू. नैवेद्याची खीर उतरवताना पातेलं कललं, आणि उजव्या हाताची मागची बाजू बोटांसकट भाजली! धाकोजी बरणी घेऊन धावला. दर्शनाला आलेल्या सिस्टरबाई ओरडल्या, "तेल नको! आधी गार पाणी!" वीस मिनिटं हात पाण्याखाली, मग आरोग्यकेंद्रात मलमपट्टी.

तीन आठवड्यांनी जखम भरली. पण नवी कातडी कोरडी, ताठ — मूठ मिटेना! सिस्टरबाईंनी घरी येऊन मोजलं. मधलं बोट तळहातापासून तीन सेंटिमीटर दूर! "असंच राहिलं तर बोटं आखडतील," म्हणाल्या, आणि संध्याकाळी धाकोजीकडे चिठ्ठी धाडली — 'खोबरेल. दोन वेळा लावणे. व्यायाम.'

आता सांगा, गुरव दोन वेळा काय लावतो? दिवा! झालं! सकाळ-संध्याकाळ दोन्ही समया काठोकाठ! आणि व्यायाम? — प्रदक्षिणा!

आठ दिवस गेले. वेणू म्हणाली, "अहो, माझ्या हाताचं काय?"

"देवीला लावतोय ना! गुण येणारच!"

"देवीचा हात भाजलाय का?"

सिस्टरबाई आल्या. मोजलं — तीनच! "तेल लावलंत कुठे?" धाकोजीनं छाती काढून गाभारा दाखवला. बाईंनी कपाळाला हात लावला — बघा, लावणे किती प्रकारचं!

"तेलानं कातडी मऊ राहील," त्या म्हणाल्या, "मूठ मात्र हिलाच मिटायचीय." मग धाकोजी देवळाच्या पायरीवर बसून वेणूच्या हाताला तेल चोळू लागला, आणि ती एकेक बोट मिटवू लागली. ती कळवळायची, "आई गं!" — आणि आत देवीला वाटायचं, आपल्यालाच हाक आली!

पुढच्या काकू, फार हसताय! डॉक्टरांच्या गोळ्या देवाच्या फोटोपुढे ठेवून हात जोडता आणि गिळायच्या विसरता, ते कोण? देवापुढे जरूर ठेवा — पण ज्याचं दुखतंय, त्याच्यापर्यंत पोचवा!

हाताला तेल सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी सिस्टरबाईंनी वेणूच्या हाताला मोजपट्टी धरली. बोट आणि तळहात यांतलं अंतर — चार मिलिमीटर.